बिनभुताच्या दिवशी निघालेला कुकर

"भुतांनासुद्धा महिन्याला सहा सुट्ट्या असतात," पालक पिळता पिळता सासूबाई पुटपुटल्या.

त्या बोलत होत्या पालकाशी. पण दुकान एवढंसं होतं, की पालकाला सांगितलेलं चारही स्टुलांना ऐकू जायचं. ऑकजूने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून वहीत डोकं घातलं.

देगू शहराच्या बाजारगल्लीत तिचं किंबापचं दुकान बावीस वर्षं चाललं होतं. समुद्री शेवाळाच्या काळ्या पानावर भात थापायचा, त्यावर पालक, गाजर, अंडं, मुळ्याचं लोणचं मांडायचं आणि बांबूच्या चटईने घट्ट गुंडाळायचं. दिवसाला दीडशे सुरळ्या जात. आता तिने पुलापलीकडे, दवाखान्याच्या फाटकासमोर, तिप्पट मोठी जागा घेतली होती. दहा वर्षांची शिल्लक अनामत म्हणून दिली होती. आजाऱ्याला भेटायला येणारी माणसं उपाशी येतात, हे तिने तीन दुपारी तिथे उभं राहून स्वतः पाहिलं होतं. रोज चारशे सुरळ्या खपल्या तर दोन वर्षांत सगळं सुटणार होतं. नाही खपल्या, तर अनामतही जाणार आणि ही जुनी जागाही.

छोट्या दुकानदारांसाठी वॉर्ड ऑफिसात फुकट वर्ग भरला होता. तिथली चष्मेवाली मुलगी म्हणाली होती, "काकू, प्रत्येक खर्चाला वहीत एक ओळ द्या. ज्याला ओळ दिली नाही, तो खर्च तुमच्या मानगुटीवर बसतो." ऑकजूने सतरा ओळी लिहिल्या. फ्रीज, पाटी, टेबलं, पंखे, नव्या शेजाऱ्यांना वाटायचे तांदळाचे केक, सगळं. शेवटच्या पानावर कामाची वाटणी होती. ऑकजू दीडशे सुरळ्या, नवरा तेशिक शंभर, आई म्हणजे सासूबाई दीडशे. आईंचा आकडा तेवढा पेन्सिलीने होता. त्यांचं वय शहात्तर.

घोडं अडलं ते आठव्या ओळीवर. सामान हलवणं: साडेतीन लाख वॉन.

महिन्यातले चोवीस दिवस भुतं चारही दिशांना फिरत असतात आणि उरलेले सहा दिवस वर निघून जातात. बिऱ्हाड हलवायचं ते त्या सहांत. हे अख्ख्या शहराला ठाऊक, त्यामुळे ट्रकवाल्यांनाही ठाऊक. त्यातून मार्चमधला सोयीचा बिनभुताचा दिवस सासूबाईंच्या मते तेशिकच्या जन्मवर्षाला वाईट निघाला. एप्रिलमधला नदी ओलांडायला वाईट निघाला. मे महिन्यातला एक शुक्रवार कसाबसा पसंत पडला, तर ट्रकवाला म्हणाला, "त्या दिवशी आठ लाख. आणि तेही तुम्ही ओळखीच्या म्हणून."

"तुझ्या बापाची ओळख," ऑकजू म्हणाली. फोन ठेवल्यावर.

मग तिने जुनी युक्ती काढली. चांगल्या दिवशी फक्त भाताचा कुकर नव्या जागी न्यायचा आणि एक रात्र तिथे ठेवायचा, की राहायला गेल्यासारखंच होतं. बाकीचं सामान मागाहून, स्वस्तातल्या गुरुवारी, भुतांच्या देखत नेलं तरी चालतं. देगूतली निम्मी माणसं असंच करतात. सासूबाईंना यात खोट काढता येईना.

"पण घरचा कुकर चालणार नाही," त्या बराच विचार करून म्हणाल्या. "दुकान जातंय ना? मग दुकानाचा जायला हवा."

दुकानाचा कुकर पन्नास माणसांचा होता, गॅसवरचा, एकोणीस वर्षांचा. ऑकजूने हिशेब केला. एक दिवस दुकान बंद, साडेचार लाखांची बचत. तिने मान डोलावली.

शुक्रवारी सकाळी सहाला तेशिक हातगाडीवर कुकर घालून, वर चादर टाकून, पुलापलीकडे नव्या जागी ठेवून आला. चादर कशासाठी, तर गल्लीत अजून कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारची सुकटवाली जॉम्सुन बावीस वर्षं यांच्याकडे जेवत होती. तिला सांगायचं ऑकजू रोज ठरवायची आणि रोज सुकट घेऊन परत यायची.

सात वाजता जॉम्सुनच दारात आली. पायात डोंगर चढायचे बूट, डोक्यावर लालभडक टोपी.

"काय गं, अजून भाताचा वास नाही? अकराला बस सुटते आमची."

"कसली बस?"

"बाजार संघाची सहल! शंभर किंबाप सांगून ठेवलेत तेशिककडे."

ऑकजूने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीला टेकून ठेवलेल्या कोबीच्या खोक्याकडे पाहिलं. खोक्याच्या मागल्या बाजूला त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: शुक्रवार, शंभर, संघ.

"अहो, वही कशाला असते?"

"वही तुझ्याकडे होती."

"जा, कुकर घेऊन या आधी."

"खबरदार!" सासूबाई मोरीतून ओरडल्या. "रात्र काढल्याशिवाय बाहेर काढलात, तर त्या जागी भुतं कायमची बिऱ्हाड करतील."

"कुठल्या जागी?" जॉम्सुन म्हणाली. "कुकर आहे तरी कुठे?"

"दुरुस्तीला," तेशिक म्हणाला.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती, तर दिवस निभावला असता. पण दोन दुकानं सोडून क्वाक मिस्त्री बसायचा. गल्लीतला प्रत्येक पंखा आणि प्रत्येक कुकर त्याच्या हाताखालून गेलेला. तोही सहलीची टोपी घालून जॉम्सुनच्या मागे उभा होता.

"दुरुस्तीला?" तो म्हणाला. "कुणाकडे?"

"ते... कंपनीत. वॉरंटी होती."

"एकोणीस वर्षांच्या कुकरला वॉरंटी? अरे, तुझ्या लग्नाला तरी आहे का?" क्वाक मिस्त्रीने टोपी काढून छातीशी धरली. "सरळ सांग ना, माझं काम पटत नाही म्हणून."

त्याची समजूत काढायला पाव तास गेला. तेवढ्यात जॉम्सुनने गल्लीभर हाकाटी केली आणि घराघरातून भात यायला लागला. अकरा घरं, अकरा कुकर. एका भातात राजमा, दुसऱ्यात वरी. चपलावाल्या म्हाताऱ्याचा भात इतका मऊ, की तो त्याच्या दातांची हकिगतच सांगत होता. मिस्त्रीच्या बायकोने काळा तांदूळ शिजवला होता, त्याच्या सुरळ्या जांभळ्या झाल्या.

"जांभळी मी खाणार," मिस्त्री म्हणाला. अजून घुश्श्यात होता, पण तीळ तोच भाजत होता.

ओट्याशी तिघं एका रांगेत उभे राहिले. मधे सासूबाई, डावीकडे तेशिक, उजवीकडे ऑकजू. चटया फिरू लागल्या. बावीस वर्षं हीच रांग होती, आणि गेले आठ महिने रांगेत आणखी एक गोष्ट होती, जी कुणी बोलत नसे. सासूबाईंची सुरळी सैल यायची. पान शेवटाला चिकटायचं, पण आत भात मोकळा राहायचा. त्यांनी ती ताटात ठेवली, की ऑकजू अलगद उचलायची, ओट्याखाली धरायची, स्वतःच्या लहान चटईने पुन्हा आवळायची आणि परत ठेवायची. दिवसाला दहा-बारा होत्या तेव्हा सोपं होतं.

आज ती चौथी सुरळी घेऊन वाकली, तर ओट्याखाली दुसरेही दोन हात होते. त्यांत दुसरी लहान चटई होती. तेशिकची.

नवरा-बायको ओट्याखाली एकमेकांकडे बघत राहिले.

"कधीपासून?" तिने नुसते ओठ हलवले.

"तू?" त्याने हलवले.

"काय शोधताय दोघं?" वरून सासूबाईंचा आवाज आला.

"पालक सांडलाय, आई," दोघं एकदमच म्हणाले.

ऑकजू सरळ झाली. एकाएकी तिला वहीचं शेवटचं पान दिसायला लागलं. चारशेतले दीडशे. नव्या जागी ओट्याखालून दीडशे सुरळ्या आवळायला कोण वाकणार होतं? बिनपगारी दीडशे सुरळ्यांवर तिने भाडं, फ्रीज, दिव्यांची पाटी, सगळं उभं केलं होतं. आणि हे तिला आज कळलेलं नव्हतं. पेन्सिल हातात घेतली, तेव्हाच कळलं होतं.

पावणेअकराला ताटं भरली. जॉम्सुन मोजायला आली आणि मोजता मोजता सवयीने एक सुरळी उचलून तिने तोंडाला लावली. सुरळी उलगडली. राजमा, गाजर, अंडं असं सगळं एकामागून एक तिच्या नव्या बुटांवर पडलं.



"भातच तसला," जॉम्सुन घाईघाईने म्हणाली. "राजम्याचा भात धरत नाही."

"धरतच नाही," मिस्त्री म्हणाला. राजमा त्याच्या बहिणीचा होता, तरी म्हणाला.

"शेवाळाचं पान दमट असणार," तेशिक म्हणाला.

"मेमधली हवा," चपलावाले आजोबा म्हणाले.

सासूबाईंनी हात पुसले. एकेक बोट वेगळं, सावकाश. मग फडताळावरची वही काढून त्यांनी ती सुनेसमोर उघडली.

"सतरा ओळी आहेत. पाटीसुद्धा आहे. मी कुठे आहे?"

"तुम्ही घरच्या, आई. घरच्यांची ओळ कशी..." ऑकजू मधेच थांबली. तिला चष्मेवाली मुलगी आठवली.

"शेवटच्या पानावर आहे मी. पेन्सिलीने. पुसायची सोय ठेवून." सासूबाई हसल्या. "शहाणी आहेस. पण दोन बायका ठेव कामाला आणि त्यांची ओळ पेनाने लिही. मी स्टुलावर बसून त्यांना ओरडेन. तेवढ्याचा पगार मलाही लाव आणि भुतांइतक्या सुट्ट्या दे."

"कुठल्या बायका?" जॉम्सुन म्हणाली. "कुठे? तुम्ही चाललात कुठे?"

पण सासूबाई अजून बोलायच्या थांबल्या नव्हत्या. त्यांनी ओट्याखाली हात घातला, दोन्ही लहान चटया बाहेर काढल्या आणि सगळ्यांसमोर शेजारी शेजारी मांडल्या.

"मार्चचा दिवस चांगला होता गं," त्या म्हणाल्या. "एप्रिलचाही चांगला होता. खोट मीच काढली. माझ्याच हातांना आता किंबाप वळता येत नाही."