काळुरामचा नऊशे दहा

"मॉडेल कोणतं?" हवालदाराने विचारलं आणि काळुराम भोईरची दातखीळ बसली.

तोवर सगळं झकास चाललं होतं. शहाडला मेव्हण्याच्या पोरीची हळद होती. बेंजोवर नाचता नाचता कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला मोबाइल कोणीतरी काढून नेला. ही हकीकत त्याने इतकी रंगवून सांगितली की हवालदाराने दोनदा लिहायचं थांबून ती ऐकली. मग सवाल सुरू झाले. रंग कोणता? काळा. आकार? मोठा. खूण? वर काडी. हवालदार शांतपणे म्हणाला, "काका, काळे सगळेच असतात आणि काडी सगळ्यांनाच असते. मॉडेलचा नंबर सांगा, म्हणजे सापडला तर ओळखता येईल."

काळुराम एकटा असता तर 'माहीत नाय' म्हणून मोकळा झाला असता. पण मानपाड्याकडच्या गावांत एक रीत आहे. माणूस देवळात एकटा जाईल, गुत्त्यावर एकटा जाईल, पोलीस चौकीत मात्र एकटा जाणार नाही. बरोबर चार माणसं न्यायची. ती नसली तर पोलिसाला वाटतं याच्या मागे कोणी नाही, आणि गावाला वाटतं यानेच काहीतरी केलं असणार. तेव्हा काळुरामच्या पाठीशी बाकावर चार जण बसले होते, आणि त्यांत पहिला होता त्याचा चुलतभाऊ भिवा. त्याच्याच जीपमधून सगळे आले होते.

भिवासमोर 'माहीत नाय' म्हणणं काळुरामला जमण्यासारखं नव्हतं. दैव काय असतं ते या दोघांकडे बघून कळावं. दोघांच्या जमिनींमध्ये एक बांध होता, हातभर रुंदीचा. बांधाच्या अलीकडची जमीन कारखान्यांसाठी आधी गेली, कवडीमोलाने. पलीकडची दहा वर्षांनी बिल्डरने घेतली. भिवाच्या दारात जीप आली, कमरेला मोबाइल आला. काळुरामच्या शेतावर केमिकलची कंपनी आली आणि त्याचा पोरगा दौलत तिथे हेल्पर लागला. म्हणजे पोरगा रोज आपल्याच शेतात कामाला जायचा, फक्त आता गेटवर झडती देऊन.

त्याच दौलतने वर्षभर ओव्हरटाइम करून आठ महिन्यांपूर्वी बापाला फोन आणून दिला होता. खोका नव्हता, साध्या पिशवीत गुंडाळलेला होता. काळुरामने काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर आवडेलच असं नाही. त्या संध्याकाळी पारावर भिवाने आपला नवा फोन दाखवला आणि हा नऊशे नंबरचा आहे म्हणून सांगितलं. काळुरामने लगेच सांगून टाकलं की दौलतच्या साहेबाने आपला दुबईहून आणलाय आणि तो नऊशे दहा आहे. असा काही फोन जगात असतो की नाही, हे देव जाणे. काळुरामला एवढंच माहीत होतं की दहा जास्त आहेत.

तर आता चौकीत त्याने छाती काढली आणि तेच सांगितलं. "नऊशे दहा."

हवालदाराने पेन उचललं. "नऊशे दहा? असं मॉडेल असतं?"

"असतंय," मागून भिवा बोलला. "मी पायलंय. लिवा."

काळुरामला भिवाची कीव आली. बिचारा, फसला. त्याने झोकात सही ठोकली.

फोन खरं तर काळुरामसाठी घेतलेला नव्हताच. तो होता तुळसासाठी, दौलतच्या आईसाठी. दोन वर्षांपूर्वी कारखान्यांच्या एस्टेटमधल्या एका कंपनीत स्फोट झाला होता आणि कोण जिवंत आहे हे गावाला कळायला चार तास लागले होते. तेव्हापासून तुळसाचं लक्ष दुपारी कशात लागत नसे. घरात लँडलाइनचा नंबर लागायचा होता. मोबाइलवर आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, म्हणून दौलतने युक्ती काढली. साडेतीनला पाळी सुटली की गेटसमोरच्या पीसीओवरून एकच रिंग द्यायची आणि ठेवून द्यायचा. उचलायचा नाही. एक रिंग म्हणजे सुटलो, धड आहे.

आता साधा सरळ माणूस असता तर त्याने फोन बायकोजवळ ठेवला असता. काळुराम तो कमरेला लावून साडेतीनला पारावर जाऊन बसायचा. रिंग वाजली की खाली बघून म्हणायचा, "बिल्डर असंल, नंतर करतो." मग उठून घरी जायचा आणि तुळसाला सांगायचा की वाजला. त्यात कधी अर्धा तास जायचा, कधी चहा आला तर तास. तेवढा वेळ ती उंबऱ्यात बसलेली असे. याची त्याला लाज वाटायला हवी होती, पण ती पुढे वाटली आणि चुकीच्या वेळी वाटली.

तक्रार देऊन आल्यावर त्याने दौलतला एकीकडे घेऊन खरं मॉडेल विचारलं. "तीनशे दहा," दौलत म्हणाला. "का रे बाबा, तू काय लिवलंस?" काळुरामने सांगितलं. दौलतने कपाळाला हात लावला आणि म्हणाला की उद्याच जाऊन बदलून ये. काळुराम हो म्हणाला. पण बदलायला जायचं म्हणजे पुन्हा जीप, पुन्हा चार माणसं, आणि त्यांच्यासमोर सहाशेने खाली उतरायचं. उद्याचा परवा झाला.

मधल्या काळात गावाने मात्र त्याला डोक्यावर घेतलं. दुबईचा नऊशे दहा गेला, केवढं नुकसान! लोक भेटायला येऊ लागले. मयताला यावं तसे यायचे, ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि फोन किती चांगला होता ते काळुरामच्याच तोंडून ऐकून जायचे. दर माणसागणिक त्या फोनला एकेक नवा गुण चिकटत गेला. तो पाण्यात पडला तरी चालायचा, असं काळुराम चौथ्या दिवशी म्हणाला.

आत तुळसा चहा करून करून दमली होती. पाचव्या दिवशी तीनच्या सुमाराला कंपनीचा भोंगा झाला, भलत्या वेळी आणि लांबलचक. ती कपबशी टाकून अनवाणी धावत सुटली, तापलेल्या डांबरावरून थेट गेटपर्यंत. तिथे वॉचमनने सांगितलं की काही नाही, आग लागली तर काय करायचं त्याची प्रॅक्टिस चालू आहे. परत आली तेव्हा तळव्यांना फोड आले होते. ती भांडली नाही. पायाला तूप लावत एवढंच म्हणाली, "अवो, मना तो नऊशे का काय तो नको. ती रिंग आनून द्या."

हे मात्र काळुरामला लागलं. दुसऱ्याच दिवशी चौकीतून निरोप आला की एका पाकीटमाराकडे पाच फोन सापडलेत, ओळख पटवायला या. काळुरामने ठरवलं की या खेपेला एकट्याने जायचं, तीनशे दहा म्हणायचं आणि फोन घेऊन यायचं. गावाला काय ते नंतर सांगू. धुतलेला सदरा घालून तो हळूच बाहेर पडला, तर दारात जीप चालूच होती. निरोप्याने आधी पारावर चौकशी केली होती. चारही जण आत बसलेले होते, आणि पुढची सीट काळुरामसाठी राखून ठेवली होती.

चौकीतल्या टेबलावर पाच फोन ओळीने मांडले होते. काळुरामने आपला लांबूनच ओळखला. दोनच्या बटणावर हळद होती. तुळसाने एकदा स्वयंपाक करता करता हात लावला होता आणि त्यावरून तो तिला वाटेल तसं बोलला होता. हवालदाराने नेमका तोच उचलला, मागची बॅटरी काढली आणि आतली चिठ्ठी वाचली. "हा तीनशे दहा आहे. शहाडच्या हळदीत हाच मारला, असं चोर कबूल करतोय. पण तुमच्या तक्रारीत नऊशे दहा आहे. काय करायचं?"

काळुरामने फोन हातात घेतला. एक शब्द बोलायचा होता फक्त. मागे बाक करकरला.

"कालू," भिवा हळूच बोलला. "नीट बघ. घाई नको करू. लिवताना माणसाचं चुकतं कधी."

एवढी मोठी वाट कोणी कोणाला करून देत नाही. पण ती भिवाने करून दिली होती, म्हणून काळुरामला तिच्यावर पाय ठेवता येईना. त्याने हळदीच्या डागावरून अंगठा फिरवला आणि फोन परत ठेवला.

"माजा नाय हा," तो म्हणाला.

हवालदाराने तसं लिहून घेतलं आणि काळुरामने खाली सही केली. घरी तुळसाने विचारलं, मिळाला का. त्याने सांगितलं की तिथले सगळे हलके फोन होते. ती आत गेली.

रविवारी दौलतला सुट्टी होती. तो सकाळी बाहेर पडला आणि दुपारी परत आला तो फोन घेऊनच. त्याने तो बापाच्या हातात दिला नाही, आईच्या हातात दिला. काळुराम चक्रावला. तक्रार एक, सही दुसरी, मग पोलिसांनी दिलाच कसा?

"बिल दाखवलं," दौलत म्हणाला. "बिलाच्या नावाचा मानूस पन होता संगतीला."

"कोनाच्या नावाचं बिल?"

"भिवाकाकाच्या. त्यांचाच जुना हाय तो. त्यांनी नवा घेतला तवा मना दिलेला, निम्म्या किमतीत. बोललेले, तुज्या बापाला सांगू नको, त्याला गोड नाय लागनार."

काळुराम ओट्यावर जाऊन बसला. आठ महिने. आठ महिने रोज साडेतीनला तो ज्या माणसाला नऊशे दहाच्या गप्पा मारत होता, त्या माणसाने त्याच फोनची बटणं दोन वर्षं दाबली होती. 'असतंय, मी पायलंय' म्हणणारा भिवा फसलेला नव्हता. तो हसला असता, तर काळुरामने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, बोलणं टाकलं असतं आणि उरलेला जन्म मजेत काढला असता. पण भिवा एकदाही हसला नव्हता, आणि त्यावर कुठली शिवी द्यायची हे काळुरामला सुचेना.

फोन आता तांदळाच्या डब्यात राहतो. कमरेला लावायची सोय नाही, कारण नऊशे दहा चोरीला गेलाय आणि तीनशे दहा आपला नाही असं सरकारी कागदावर सहीनिशी लिहिलेलं आहे. रिंग वाजली की तुळसा डब्यावर हात ठेवते आणि मग चहाचं आधण टाकते. तिला तास तास थांबावं लागत नाही. आठ महिन्यांत जे व्हायला पाहिजे होतं, ते असं झालं.

परवा भिवा ओट्यावर येऊन बसला होता. पाऊसपाण्याचं बोलणं चाललं होतं, आणि आतून, तांदळातून, बारीक आवाज आला. एकदाच.

"घड्याल," काळुराम घाईने म्हणाला. "गजराचं."

भिवाने मनगटावर बघितलं. "बरोबर हाय. साडेतीन." तुळसाने आणलेला चहा त्याने बशीत ओतला आणि फुंकर घातली. मग अगदी सहज, जीव लावून चौकशी करावी तशी, त्याने विचारलं, "नऊशे दहाचं काय कळलं काय रं?"

"नाय," काळुराम म्हणाला.

"सापडंल," भिवा म्हणाला. "तसला फोन पंचक्रोशीत दुसऱ्या कोनाकडंच नव्हता."

तो चहा संपवून निघून गेला. काळुरामचा चहा तसाच बशीत राहिला, आणि त्याच्यावर साय धरली.