मानाची पहिली खाच

तंत्रज्ञाने ट्रे उलटा ठेवला, एवढंच झालं. पण रुग्णालयात उलटं ठेवलेलं काहीही सरळ माणसाच्याच अंगावर सांडतं.

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात चार रुग्णांच्या जखमा चिघळल्या होत्या. तंत्रज्ञाच्या नव्या यंत्राने त्या जखमांतल्या जंतूंचा जिनोम वाचला, अक्षर न् अक्षर, आणि चारही जंतू एकाच घराण्यातले निघाले. म्हणजे कुणा एकाच्याच हातून पसरलेले. मग वॉर्डातल्या बारा जणांच्या हातांवरून कापसाचे बोळे फिरवले. ते ठेवायच्या ट्रेला खाचाही बाराच.

"पहिली खाच माझी," मोठे डॉक्टर म्हणाले. जंतू शोधायचा होता, तरी मान आधी! त्यांच्यामागे धाकटे डॉक्टर, मग सिस्टर, अशी हुद्द्याची उतरंड लागली. शेवटच्या, बाराव्या खाचेत सफाईच्या मावशी.

यंत्राने बोट दाखवलं बाराव्या खाचेकडे.

"वाटलंच होतं मला!" मोठे डॉक्टर गरजले.

"अहो, मावशींचे हात तर दिवसभर फिनेलमध्येच असतात," सिस्टर पुटपुटल्या.

"यंत्र खोटं बोलतं का? तूच सांग रे."

तंत्रज्ञाने छाती फुगवली. "अक्षर न् अक्षर जुळतंय, सर. मावशींचाच जंतू."

भर वॉर्डात, मावशींच्या देखत. मावशींनी फडकं पिळलं, बादलीच्या काठावर वाळत घातलं आणि त्या निघून गेल्या. त्यांना कामावरून काढलं होतं.

नवव्या दिवशी पाचवी जखम चिघळली. तेच घराणं! आणि मावशी तर घरी. तंत्रज्ञाने तपासणीच्या दिवशीचा, यंत्रात ठेवलेल्या ट्रेचा फोटो शोधून पाहिला. दिशा कळावी म्हणून ट्रेचा एक कोपरा कापलेला असतो, तो वर डावीकडे यायला हवा. फोटोत तो खाली उजवीकडे होता. उलट्या ट्रेत बारावी खाच म्हणजे पहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळला होता त्याने स्वतः.

"सर, ट्रे उलटा गेला होता. तो जंतू पहिल्या खाचेतला आहे."

मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग दोन्ही हात खिशात घातले.

"यंत्राची चूक. मी औषध घेतो, तोवर शस्त्रक्रिया बंद. बाईला परत बोलव. आणि कुणाचं नाव घ्यायचं नाही, रुग्णालयाची बदनामी होते."

"मावशींचं घेतलं होतं, सर."

"मग? तेव्हा झाली का बदनामी?"

तंत्रज्ञ मान खाली घालून मावशींच्या घरी गेला. मावशी दारातच थबकल्या. आत त्यांची नात लेकीच्या कडेवरून हात पसरून रडत होती.

"लांबूनच बोला, साहेब. नऊ दिवस झाले, पोरीला हात लावला नाही मी. त्या चौघांच्या उशाशी जाऊन माफीपण मागून आले."

"मावशी, तुमचा हात नव्हताच. ट्रे उलटा झाला. उद्यापासून कामावर या."

मावशी मटकन उंबऱ्यावर बसल्या. त्यांनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले, जणू आत्ताच परत मिळाले होते.

"मग हात कुणाचा होता?"

"ट्रे... उलटा झाला होता."

"ते कळलं. हात कुणाचा?"

मावशींनी वाट पाहिली.

"राहू द्या," त्या उठत म्हणाल्या. "माझं नाव घेताना बरं घसा फोडून बोलला होतात."

आणि नातीला घ्यायला त्या आत गेल्या.