मन्मथप्पांची डबी

आमच्या गल्लीत कुकरची शिट्टी समोरच्यांना विचारून होते, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा बापडे. पण समोरच्या माडीवरून "बाई, गॅस बारीक करा की ओ, रेकॉर्डिंग करून राहिलोय!" अशी हाक आली, की मी हातातलं टाकून स्वयंपाकघराकडे धावते. वरण कच्चं राहिलं तर राहू दे. एकदा मला उशीर झाला होता. रेणापूरच्या एका कापड दुकानाच्या जाहिरातीत "आजच या!" च्या पाठोपाठ माझ्या कुकरनं दम सोडला, आणि ती भोंग्याची रिक्षा आठवडाभर माझी शिट्टी तालुक्याला ऐकवत हिंडली.

हाक मारणारे म्हणजे मन्मथप्पा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, पांढरा सदरा. लातुरात त्यांचं रंगाचं दुकान आहे, पण ते आता मुलगा बघतो. अप्पा माडीवरच्या खोलीत बसून रिक्षांवर लावायच्या जाहिराती बोलतात. आवाज असा, की ऐकणाऱ्यानं गरज नसताना साडी घ्यावी. देगलूरला एका हॉटेलात त्यांनी नुसतं "पानी द्या" म्हटलं, तर मालक गल्ला सोडून पळत आला, "अरे, हा तर भोंग्यातला माणूस!" हा किस्सा अप्पांनी मला इतक्यांदा सांगितलाय, आणि दर वेळी तो मालक जरा जास्त लांबून पळत येतो.

खोलीचीही एक कथाच आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा, असं कुणीतरी सुचवलं. "अंड्याचे? माज्या घरात?" अप्पा असे उठले, की सांगणारा चहा अर्धा टाकून गेला. मग त्यांनी अडतीतून बारदाना आणला आणि रिकामी पोती चारी भिंतींना ठोकली. आवाज घुमायचा थांबला. पण सगळी पोती तुरीची. आत गेलं की पहिल्यांदा शिंक येते, मग अप्पा दिसतात. मी म्हणते, माणसानं धर्म आणि हौस दोन्ही सांभाळावं ते असं.

आता डबीकडे येते. माईक आणि कॉम्प्युटर यांच्या मधे एक लहानशी डबी असते. आवाज तिच्यातून गेला तरच कॉम्प्युटरला कळतो. दुकानदार तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतो, अप्पा डबी म्हणतात. ही जुनी डबी बदलून नवी घ्यावी का, यावर अप्पांचा विचार सुरू झाला आणि आमची गल्ली बेजार झाली. "घाई न्हाई. नीट इचार करू," हे त्यांचं पालुपद. भाजीवालीला विचारलं, वायरमनला विचारलं, मठातल्या महाराजांनाही विचारलं. महाराज म्हणाले, श्रावणात घ्या. श्रावण आला आणि गेला. अप्पा म्हणाले, "कोनत्या सालचा श्रावण, ते इचारायचं राहिलं की ओ!"

मग त्यांनी नांदेडच्या एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडून नवी डबी थोड्या दिवसांसाठी मागून आणली आणि गल्लीची परीक्षा घेतली. आम्हा सगळ्यांना पोत्यांत बसवलं, डोळे मिटायला लावले, आणि एकच वाक्य दोनदा ऐकवलं. एकदा जुन्या डबीतलं, एकदा नव्या. कुठलं चांगलं? सगळे म्हणाले, दुसरं. मी तर शाळेत मराठी शिकवलेली बाई. मी म्हटलं, "दुसऱ्यात शब्दन् शब्द सुटा ऐकू येतो, अप्पा. फरक म्हणजे फरक!" अप्पा खूश झाले, कॉम्प्युटरकडे वळले आणि त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी चुकून जुन्या डबीतलंच दोन्ही वेळा लावलं होतं.

सगळे सटकले. मी मात्र चिडले. माझी फजिती झाली होती ना! "अप्पा, तुमचा आवाज पोत्यात बांधून विहिरीत टाकला तरी उदगीरला ऐकू जाईल. त्या जुन्या डबीला काय धाड भरलीय?"

अप्पा खाली बघत म्हणाले, "माज्या आवाजासाठी न्हाई ओ, बाई."

त्यांनी एक जुनी जाहिरात लावली. साड्यांची. "माताभगिनींनो" म्हणून त्यांनी श्वास घेतला होता, त्या तेवढ्या फटीत मागून काहीतरी बारीक आलं. बाई गात होती. पाळणा. पुढे परत अप्पांचा गडगडाट, आणि ते गाणं त्याच्याखाली गेलं.

"ही आमची मंडळी," अप्पा म्हणाले. "भाईर गच्चीवर कुरडया घालायली होती. तिला वाटलं, मी माज्या नादात हाय."

शांताकाकूंना गाता येतं हे मलाही तेव्हाच कळलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा खाली दुकान आणि मागे घर होतं. सासऱ्यांचा दंडक असा, की सुनांचा आवाज गल्ल्यापर्यंत येता कामा नये. काकूंनी तो इतका पाळला, की सासरे गेले, दुकान बाजारात हललं, तरी आवाज काही वर आला नाही.

"एवढा संसार झाला, अन ही गाती हे मला म्हाईत न्हाई. कामून? मीच बोलून राहिलो ना सगळीकडं!" अप्पांचे डोळे भरले होते. "मोठ्यानं गा म्हनलं तर गप्पच बसती. जुन्या डबीत आवाज वाढवला तर नुसतं सूं सूं. हिच्यासाठी तिखट कानाची डबी पायजे."

"मग घ्या की! अडलंय कुठं?"

"आन् आनली, आन् ती गायलीच न्हाई तर? मग काय करू, सांगा."

मला एकदम त्या माणसाची माया आली. इतके दिवस आम्ही त्यांना चिकट म्हणत होतो. "डबी घ्या," मी म्हटलं. "काकूंचं मी बघते."

अप्पांनी एकदाची नवी डबी घेतली, आणि बाजार बंद असतो त्या दिवशी, गल्ली शांत असताना, दुपारी काकूंना मी अक्षरशः हाताला धरून वर आणलं. डोक्यावर पदर घेऊन त्या पोत्यांत बसल्या, शिंकल्या, आणि नवऱ्याकडे बघून ओठ मिटून घेतले. "हे असले की मला न्हाई जमायचं."

अप्पांनी खुर्ची सोडली. कुठलं बटण दाबायचं ते मला बोटानं दाखवलं, आणि बाहेर जाऊन जिन्यावर बसले.

मी हेडफोन लावला. काकू गायल्या ते स्वतःशीच, भाकरी थापताना गावं तसं. पण नव्या डबीतून सगळं येत होतं. शब्द, बांगड्या, दोन ओळींमधला श्वाससुद्धा. मी मास्तरीण, पण पदर डोळ्याला लावला, कबूल करते.

गाणं संपलं. मी दार उघडलं. अप्पा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"आलं का ओ?"

"आलं. छान आलं. हे घ्या, ऐका."

त्यांनी हेडफोनला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग इतकं हळू बोलले, की मला वाकावं लागलं. "आदी तिला इचारा, बाई. ऐकू का म्हनावं."

मी विचारायच्या आतच आतून उत्तर आलं. चांगलं खणखणीत, खालच्या रस्त्यावर ऐकू जाईल असं.

"ऐका म्हनावं! आजवर मीच ऐकलं की!"