नकाशेकाका लॅपटॉप उघडतात

सकाळी साडेनऊला इमारतीच्या पार्किंगमधला मोठा पाइप फुटला आणि पावणेदहाला नकाशेकाकांच्या दाराची बेल वाजली. दारात प्लंबर उभा होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला. त्याच्या मागे इमारतीच्या सेक्रेटरीबाई, चपला हातात घेऊन.

"काका, तो मधला व्हॉल्व कुठं आहे?" बाईंनी उंबऱ्यावरूनच विचारलं. "वरच्या टाकीचा कॉक बंद करायला गेला हा, तर दांडाच हातात आला!"

प्लंबरने पुरावा म्हणून गंजलेला दांडा पुढे केला. "खाली फरशीखाली एक व्हॉल्व आहे म्हणतात. तो फिरवला की काम झालं. पण कुठं ते कुणालाच माहीत नाही. सगळी फरशी फोडत बसायची का?"

"खबरदार फरशीला हात लावशील तर!" काका गरजले. "नकाशा आहे माझ्याकडे."

काकांचा उभा जन्म नकाशे काढण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी इमारतीतल्या सगळ्या पाइपांचा नकाशा कुणी न सांगता काढला होता आणि नंतरच्या प्रत्येक सभेत त्याची आठवण कुणी न विचारता करून दिली होती. "त्याची एक प्रत कागदावर द्या की," असं बाई एकदा म्हणाल्या तेव्हा काका नुसते हसले होते. "कागद हरवतात, बाई. मशिनमध्ये घातलेलं कुठं जात नाही."

नकाशा गेला नव्हताच. मशिनमध्येच होता.

कपाटावरून जुना लॅपटॉप उतरवला गेला. धूळ पुसण्यात पाच मिनिटं गेली, चार्जर शोधण्यात दहा. बटण दाबताच आतला पंखा दमेकऱ्यासारखा घरघरला, पडदा काळा झाला आणि मधोमध कुलपाचं चित्र असलेली एक छोटी चौकट उगवली.

"काय मागतोय तो?" काकूंनी विचारलं.

"पासवर्ड. सुरू व्हायच्या आधीचा."

"मग द्या की."

"देतोय ना!"

काकांनी ऐटीत दोन्ही हात उचलले. ते तसेच उचललेले राहिले. मागे एकदा चोऱ्यांची बातमी वाचून त्यांनी हे कुलूप घातलं होतं, तेवढं त्यांना लख्ख आठवत होतं. किल्लीचं मात्र नावही आठवेना.

निवृत्तीची तारीख घालून पाहिली. चूक. फ्लॅटचा नंबर उलटा घालून पाहिला. चूक.

"माझा वाढदिवस घाला," काकू म्हणाल्या.

काकांनी तत्परतेने आकडे दाबले.

"ही माझ्या बहिणीची तारीख आहे," काकू थंडपणे म्हणाल्या.

लॅपटॉपनेही ती मान्य केली नाही. तो तीनदा किंचाळला आणि बंद पडला. खालून कुणीतरी ओरडलं, "काका, स्कूटर तरंगायला लागली!"

काकांनी मुलीला फोन लावला. ती कामाच्या ठिकाणी होती आणि कुजबुजत बोलत होती. "बाबा, मशीन खोलावं लागेल. आधी चार्जर काढा, मोठी बॅटरी काढा. मग आत एक गोल सेल दिसेल, शर्टाच्या बटणाएवढा. जुनं मशीन आहे, तो सेल पंधरा मिनिटं बाहेर ठेवला की बहुतेक पासवर्ड विसरेल."

"नुसतं विसरायला पंधरा मिनिटं?"

"यांना तेवढीही लागत नाहीत," काकू फोनमध्ये तोंड घालून म्हणाल्या.

खोलायला बारीक स्क्रूड्रायव्हर हवा होता. तो प्लंबरच्या पिशवीत निघाला, पण पिशवी दुसऱ्याच्या हातात द्यायला प्लंबर तयार नव्हता. "मीच खोलतो. फक्त पाइपावर चिंधी बांधलीय, ती कुणीतरी दाबून धरायला पाहिजे."

सगळ्यांनी सेक्रेटरीबाईंकडे पाहिलं.

"मी?" बाई म्हणाल्या.

"बाकी सगळे बादल्या भरतायत," प्लंबर म्हणाला. ते खरंच होतं. पाणी जाणार अशी आवई उठल्यापासून प्रत्येक घरात नळ पूर्ण सोडलेले होते आणि बादल्या, पातेली, डबे, अगदी फुलदाण्यासुद्धा भरल्या जात होत्या. बाई कपाळाला हात लावून खाली गेल्या.

प्लंबरने लॅपटॉप उताणा केला आणि एकेक स्क्रू काढत तो मासळीसारखा उघडला. गोल सेल दिसला. त्याने टोक लावून तो जरा उचकटला मात्र, सेल टुणकन उडाला, जमिनीवर पडला, आणि घरंगळत थेट कपाटाखाली गेला.

"गेला!" प्लंबर म्हणाला.

"जाऊ दे, नाहीतरी पंधरा मिनिटं बाहेरच ठेवायचाय," काका म्हणाले. पण त्यांना धीर कुठला निघायला! ते पालथे पडले आणि फूटपट्टी घेऊन कपाटाखाली शिरले.

खालून बाईंचा आवाज आला, "काका, सापडला का?"

"सापडेल, सापडेल!" काका कपाटाखालून ओरडले. "दिसतोय!"

खाली टाळ्या पडल्या. "कुठं आहे?"

"कपाटाखाली!"

मग बाईंनी घाबरत विचारलं, "व्हॉल्व? तुमच्या कपाटाखाली?"

पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यापर्यंत बातमी गेली की काकांनी व्हॉल्व स्वतःच्या घरात घेतला आहे, आणि म्हणूनच त्यांना कधी पाणी कमी पडत नाही. दारात माणसं जमली. काकू त्यांना समजावून थकल्या. काका मात्र दर मिनिटाला घड्याळ बघत, सेल मुठीत धरून खोलीभर येरझारा घालत होते. बाराव्या मिनिटाला ते म्हणाले, "बास झालं." चौदाव्याला प्लंबरने सेल बसवला.

झाकण लागल्यावर तीन स्क्रू उरले.

"हे कुठले?" काकांनी विचारलं.

"जास्तीचे देतात," प्लंबर म्हणाला.

बटण दाबलं. पंखा घरघरला. कुलपाची चौकट आली नाही! मशीन सगळं विसरलं होतं, तारीखसुद्धा. त्याच्या मते आज या इमारतीचा पायादेखील खणलेला नव्हता. पडदा निळा झाला, घंटानाद झाला, काकांचं नाव आलं आणि नावाखाली आणखी एक चौकट.

"हा दुसरा पासवर्ड," प्लंबर म्हणाला.

"दाराच्या आतलं दार," काका पुटपुटले. चौकटीखाली त्यांनीच स्वतःसाठी लिहून ठेवलेली खूण होती. 'नेहमीचाच.'

काका त्या शब्दाकडे बघत राहिले. मग त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

"सगळ्यांनी तोंडं तिकडे करा," ते म्हणाले.

गर्दी वळली. प्लंबर वळला. काका एका बोटाने टाइप करत असल्यामुळे काकूंना मात्र प्रत्येक अक्षर वाचता आलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी काका त्यांना ज्या नावाने हाक मारत, आणि गेली कित्येक वर्षं मारली नव्हती, ते नाव. लॅपटॉप मुकाट उघडला.

"बाबा, काय होता पासवर्ड?" अजून चालूच असलेल्या फोनमधून मुलगी कुजबुजली.

"काही नाही, नेहमीचाच," काका म्हणाले. काकूंनी उगाचच स्वच्छ टेबल पुन्हा पुसायला घेतलं.

नकाशा मात्र देखणा होता. एकेक पाइप, एकेक वळण मापासकट. काकांची छाती फुगली. पार्किंगच्या कोपऱ्यात एक ठळक वर्तुळ होतं, त्यावर 'व्हॉल्व' लिहिलेलं, आणि वर्तुळातून निघालेला बाण एका बारीक ओळीकडे जात होता. काकांनी ती ओळ मोठी केली. प्लंबरने ती खांद्यावरून मोठ्याने वाचली.

"'अंदाजे. नक्की जागा प्लंबरला विचारून इथे भरणे.'"

"मला?" प्लंबर म्हणाला. "अहो, मला माहीत असती तर मी जिने चढून तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

तेवढ्यात खालून आरोळी आली, "थांबलं! पाणी थांबलं!" जिन्यात धावपळ झाली आणि सेक्रेटरीबाई नखशिखांत भिजून दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं, म्हणजे वेगळं.

"काका, मानलं तुम्हाला! कुठं निघाला व्हॉल्व?"

काकांनी गर्दीकडे पाहिलं, प्लंबरकडे पाहिलं. खोटं बोलायची इतकी आयती संधी त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. पण नकाशे काढणारा माणूस, अर्ध्या इंचाचंही खोटं कधी काढलेलं नाही.

"निघाला नाही," ते म्हणाले. "टाकी संपली असणार. सगळ्यांनी बादल्यांमधून भरून नेली."

प्लंबर खाली गेला. कोरडा पाइप त्याने वीस मिनिटांत जोडला. गर्दी पांगली. बाई कपडे बदलायला गेल्या. खोलीत काका आणि उघडा नकाशा उरले. काम अर्धवट ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, ती बारीक ओळ निवडली, आणि तिच्यापुढे एका बोटाने सावकाश भर घातली.

'विचारले. प्लंबरलाही माहीत नाही.'