फ्रिजवरचा क्रेग

नोलीन पॅस्कोने नवऱ्याला फ्रिजवर लावायच्या चुंबकाच्या पट्ट्या आणायला शहरात पाठवलं. संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्याच्या अंगाला दोन वास येत होते. एक ताज्या रंगाचा आणि दुसरा माकुळाचा.

"मिळाल्या?" तिने विचारलं.

"मिळाल्या की! कापूनसुद्धा आणल्यात." मर्व्हने खोकं टेबलावर ठेवलं. आत व्हिजिटिंग कार्डाएवढे पांढरेशुभ्र तुकडे रचलेले होते. "पांढऱ्यावर फोटो कसा उठून दिसतो, नाही का?"

नोलीनने एक तुकडा उचलून फ्रिजच्या दारावर लावला. तो टक्क करून चिकटला. तिने आयुष्यभर पहिलीच्या मुलांना शिकवलं होतं आणि फळ्याच्या वर कायम तीन शब्द लिहून ठेवले होते : पाहा, नवल करा, विचारा. आता तिने पाहिलं की मर्व्हच्या नखांत पांढरा रंग आहे. शहरातल्या दुकानात माकूळ मिळत नाहीत, ते आपल्या गावच्या धक्क्यावरच गळाला लागतात, याचं तिला नवलही वाटलं. पण विचारलं मात्र नाही. घरातल्या माणसाला विचारलं की उत्तरही पूर्ण ऐकून घ्यावं लागतं, आणि मर्व्हची उत्तरं लांब असायची.

शाळेची जत्रा शनिवारी होती. पाळीव प्राण्यांच्या फोटोंची चुंबकं करायचं टेबल नोलीनकडे होतं. निवृत्त झाल्यावरही गावातली मुलं तिला पॅस्कोबाईच म्हणत. टेबलाशी मुलांची ही गर्दी झाली. कुणी मांजराचा फोटो आणलेला, कुणी कोंबडीचा, एकाने तर मेलेल्या सरड्याचा.

"डिंक लावायच्या आधी एक काम," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाने आपलं चुंबक घेऊन फिरून यायचं. कशाला चिकटतं, कशाला नाही, ते मला येऊन सांगायचं. आणि आधी अंदाज करायचा हं, मग लावून बघायचं."

मुलं उधळली. पाण्याच्या टाकीला चिकटतं. घसरगुंडीला चिकटत नाही. हेडमास्तरांच्या पट्ट्याच्या बकलाला चिकटतं, पण ते पळून जातात.

"बाई, घसरगुंडी पण स्टीलची आहे, मग तिला का नाही?" टॅमसिनने विचारलं. ही दुसरीतली मुलगी, पुढचे दोन दात पडलेले, आणि तिचा गिनिपिग साऱ्या शाळेत प्रसिद्ध. चॉकलेटी अंगावर खोबऱ्याच्या किसासारखे पांढरे ठिपके होते, म्हणून खोबऱ्यात घोळवलेल्या चॉकलेट केकच्या नावावरून त्याचं नाव लॅमिंग्टन.

"स्टील स्टीलमध्ये फरक असतो. कुठला, ते तू शोध आणि मला शिकव."

टॅमसिनने लॅमिंग्टनचा फोटो जिभेचं टोक बाहेर काढून अगदी काटकोनात चिकटवला. शेजारच्या ग्लेनिसनेही आपल्या बर्नीचं चुंबक करून घेतलं. बर्नी म्हणजे तिचा गुलाबी-करडा गाला पोपट. तो फोटोतसुद्धा कुणावर तरी ओरडत होता. सगळ्यात शेवटी नोलीनने आपल्या ड्यूकचं केलं. ड्यूक हा त्यांचा कुत्रा गेल्या हिवाळ्यात वारला होता. ते चुंबक मर्व्हने शेडमधल्या बिअरच्या फ्रिजवर लावलं. नोलीन तिकडे फारशी जात नसे. मर्व्ह रोज जाई, पण त्या फ्रिजकडे तो फक्त आतून बघे.

डिसेंबर लागला, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा, आणि उन्हाचा असा तडाखा बसला की धक्क्यावरचे बगळेसुद्धा सावलीला सरकून बसले.

त्या आठवड्यात नोलीन जर्दाळूंची परडी घेऊन ग्लेनिसकडे गेली. जायचं म्हणजे काय, दोन घरांच्या मधल्या कुंपणात एक छोटं फाटक होतं, तेवढं ढकलायचं. मुलं लहान असताना ते बसवलं होतं आणि त्याला कडी कधीच लागली नव्हती. ग्लेनिस मागे कपडे वाळत घालत होती. नोलीनने परडी ओट्यावर ठेवली आणि तिची नजर फ्रिजवर गेली.

ग्लेनिसच्या फ्रिजचं दार मुळात दिसतच नसे. प्लंबर, पिझ्झावाला, जनावरांचा डॉक्टर, नातवंडं, सगळे दाटीवाटीने चिकटलेले. बर्नीला नोलीनने स्वतः मधोमध जागा करून दिली होती. आज त्या जागी बर्नी नव्हता. तिथून एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस बत्तिशी दाखवत होता, आणि खाली लिहिलं होतं : 'घर विकायचंय? क्रेग टकवेलला हाक मारा!'

"काय गं, अशी उभी का?" ग्लेनिस रिकामी बादली घेऊन आत आली.

"काही नाही. जर्दाळू आणलेत."

"बस ना, चहा टाकते."

"नको, मर्व्ह वाट बघत असेल," नोलीन म्हणाली. आयुष्यात मर्व्हने तिची वाट पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

घरी येऊन ती खुर्चीत बसली. ग्लेनिस घर विकणार. मुलीकडे ॲडलेडला जाणार. आणि आपल्याला चकार शब्द नाही! आपण दिलेलं चुंबकसुद्धा काढून टाकलं! पण विचारायचं कसं? त्या गावात माणूस तुमच्याकडून करवत मागेल, गाडी मागेल, पण तुमच्या घराचं काय चाललंय ते तुम्ही सांगेपर्यंत विचारणार नाही. ती रीत होती.

"ग्लेनिस काही बोलली का तुला?" तिने मर्व्हला विचारलं.

"परवा शिडी न्यायला शेडमध्ये आली होती. एकदम गप्प झाली आणि शिडी न घेताच गेली. उन्हाने होतं असं."

दुसऱ्या दिवशी परडी परत आली. फाटकातून नाही, पुढच्या दाराने, घंटी वाजवून. परडी स्वच्छ धुतलेली होती, आणि रिकामी.

रिकामी! इतक्या वर्षांत त्या दोन घरांत एकही भांडं रिकामं फिरलं नव्हतं. केक गेला तर अंडी येत, अंडी गेली तर लिंबं. काहीच नसलं तर ग्लेनिस निदान अंगणातलं पुदिन्याचं डहाळं तरी टाकायची. धुतलेलं रिकामं भांडं म्हणजे हिशेब मिटला.

"आणि हे पण," ग्लेनिस दारातच म्हणाली आणि केकचे दोन साचे पुढे केले. "तुझेच आहेत. वेळेवर दिलेले बरे. नंतर गडबडीत राहून जातं."

"कसली गडबड?"

"असते की माणसाला गडबड," ग्लेनिस दुसरीकडे बघत म्हणाली.

म्हणजे सामान बांधायला सुरुवात झालीसुद्धा! नोलीनला राग आला. तिनेही कपाट उघडलं. ग्लेनिसचा प्रेशर कुकर, लोकरीची शाल, ख्रिसमसचं मोठं ताट. "मर्व्ह, हे देऊन ये."

मर्व्ह देऊन आला आणि येताना झुडपं छाटायची कात्री घेऊन आला. "तिने दिली. म्हणे, तुमचीच आहे."

"अस्सं! मग हे दळणाचं यंत्र नेऊन दे."

"अगं, ते आपलं आहे ना?"

"तिच्या आईचं आहे. ने म्हणते ना!"

दोन दिवस मर्व्ह त्या फाटकातून मुंगीसारखा ये-जा करत होता. तिसऱ्या फेरीला त्याने विचारलं, "तुम्ही दोघी बोलत का नाही? मी भर उन्हात तुमचा ट्रक झालोय."

"बोलायला काय झालंय? सगळं ठीक आहे."

नोलीन बेकरीत पाव घ्यायला गेली तर बेकरीवाली कुजबुजली, "ऐकलंत का? अर्धं गाव विकायला निघालंय म्हणे. हॉकिंगच्या फ्रिजवर तो टकवेल, डाकीणबाईच्या फ्रिजवर टकवेल... समुद्राला काही होणार आहे का हो? कुणाला काही कळलंय आणि आपल्यालाच नाही, असं तर नाही?" डाकीणबाई म्हणजे टपाल कचेरीतली बाई, स्वभावामुळे मुलांनी ठेवलेलं नाव तिलाही आता चालत होतं.

गुरुवारी सकाळी नोलीन भांडी घासत होती. खिडकीतून तिने पाहिलं, ग्लेनिसच्या दारात पांढरी गाडी थांबली. त्यातून गुळगुळीत दाढी केलेला एक माणूस उतरला, डिकीतून भलीमोठी पाटी काढली आणि हिरवळीवर हातोड्याने ठोकायला लागला. नोलीनच्या हातातली बशी पाण्यात निसटली.

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. टॅमसिन उभी होती, हातात चुंबक, डोळे मोठ्ठे.

"बाई, माझ्या लॅमिंग्टनचा माणूस झाला."

"काय झालं?"

"माणूस! रात्री गिनिपिग होता. सकाळी बघते तर हा." तिने चुंबक पुढे केलं. क्रेग टकवेल सगळे दात दाखवत हसत होता. "आई म्हणते, तू कुठून तरी उचलून आणलंस. पण हे माझंच आहे, मागे माझं नाव आहे, बघा. बाई, असं कशाने होतं?"

नोलीनने चुंबक उलटलं. मागे नोलीनच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'टॅमसिन'. तिने पुन्हा सुलटं केलं. मग टॅमसिनचं लक्ष खिडकीबाहेर गेलं आणि तिने किंकाळी फोडली.

"बाई! तो बाहेर आलाय!"

नोलीनने एकदा हातातल्या क्रेगकडे पाहिलं, एकदा हिरवळीवरच्या. मग चष्मा चढवला. चुंबकाच्या एका कोपऱ्यात पांढरा पापुद्रा अजून लटकत होता. तिने तो नखाने ओढला. रंग सापाच्या कातीसारखा सुटून आला.

"टॅमसिन, तुझा अंदाज काय?"

टॅमसिनने विचार केला. "हा माणूस आधीपासून खाली होता. वरून कुणीतरी रंग दिला. उन्हाने रंग सुटला आणि लॅमिंग्टन रंगाबरोबर पडला." ती एकदम उजळली. "म्हणजे तो आमच्या फ्रिजखाली असेल!"

"शाब्बास," नोलीन म्हणाली, आणि मग अशा आवाजात ओरडली की हिरवळीवरचा हातोडाही थांबला. "मर्व्ह!"

मर्व्ह शेडमधून आला. त्याने चुंबक पाहिलं, बायकोचा चेहरा पाहिला, आणि मान खाली घातली.

"कचरा डेपोवर ह्याच्या चुंबकांचं अख्खं खोकं पडलं होतं, नोल. कोरं करकरीत. आणि त्या दिवशी माकूळ असे लागत होते..."

"माहितेय. वास आला होता मला."

"मग तेव्हाच विचारलं का नाहीस?"

नोलीनने ओले हात पुसले. ती टॅमसिनचा हात धरून फाटकातून पलीकडे गेली. ग्लेनिस व्हरांड्यात उभी होती, डोळे लाल.

"ग्लेनिस, तू घर विकतेयस?"

"मी? आधी तू विकायला काढलंस!"

"मी कधी?"

"तुमच्या शेडमध्ये, बिअरच्या फ्रिजवर! तुमच्या ड्यूकला काढून त्याच्या जागी ह्याला लावलाय!" तिने क्रेगकडे बोट केलं. क्रेगने घाबरून हातोडा पाठीमागे लपवला. "मग मी काय करू? तू गेल्यावर मी इथे कुणाच्या तोंडाकडे बघून राहू? मुलीला म्हटलं, येते तुझ्याकडे. आणि ह्याला फोन केला."

"अगं, पण मी जर्दाळू घेऊन आले तेव्हाच तो तुझ्या फ्रिजवर होता!"

"माझ्या फ्रिजवर?"

सगळी वरात स्वयंपाकघरात गेली. ग्लेनिसने प्लंबर आणि पिझ्झावाल्यामधून वाट काढत पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसली. "अगं बाई! मी ह्याचा नंबर फोनच्या पुस्तकात शोधत बसले होते!"

बर्नीचा फोटो फ्रिजच्या मागे सापडला, पाठीला पांढरा रंग घेऊन. खरा बर्नी पिंजऱ्यातून सगळ्यांवर ओरडत होता. आधी ग्लेनिस हसायला लागली, मग नोलीन, आणि मग दोघींना एकमेकींना धरून बसावं लागलं.

टॅमसिनने नोलीनची बाही ओढली. "बाई, पण तुम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं का नाही?"

"चांगला प्रश्न आहे," नोलीन डोळे पुसत म्हणाली. "उत्तर मलाही माहीत नाही."

क्रेग टकवेल दारातच अवघडून उभा होता. "म्हणजे... गावात कुणीच विकत नाहीये? मला वाटलं, शेवटी जाहिरात कामाला आली. या आठवड्यात इतके फोन आले! सगळे एकच विचारतात, बाकीचे कशाला चाललेत?"

त्याचा चेहरा चुंबकावरच्यापेक्षा बराच म्हातारा आणि बराच बरा दिसत होता. ग्लेनिसने त्याला बसवलं, चहा दिला, जर्दाळूचा मुरांबा दिला. दुसरा कप संपल्यावर त्याने खिशातून पाकीट काढलं आणि त्यातला एक चुरगळलेला फोटो चाचरत पुढे केला. त्यात एका कानाची एक म्हातारी कुत्री होती.

"ही माझी मॉली. माझा फोटो कुणी ठेवत नाही, ते समजतं मला. पण हिचं एखादं करून मिळेल का?"

"का नाही? आता करू," नोलीन म्हणाली. "फक्त पट्ट्या संपल्यात."

"थांबा, थांबा!" मर्व्ह उत्साहाने उठला. फाटकातून गेला आणि खोकं घेऊन परत आला. आत पांढरेशुभ्र तुकडे रचलेले होते. "हे दुसरं. हे मी आधी पॉलिश पेपरने घासून मग रंगवलंय. हे काही सुटायचं नाही!"

टॅमसिनने त्यातला एक आधीच उचलला होता आणि ती नखाने कोपरा खरवडत होती. रंगाखालून अर्धी मिशी दिसायला लागली.

नोलीनने हातातला कप खाली ठेवला.

"मर्व्ह," तिने विचारलं, "या वेळी खाली कोण आहे?"