अण्णांचं व्हय

आमच्या खासदारांनी संसदेत देशासाठी जे काही दिलंय, ते एका शब्दात मावतं. व्हय.

अध्यक्षांनी विधेयक मताला टाकलं की बाकीचे 'हाँ' म्हणतात. आमचे बाळूअण्णा शेवटच्या बाकावर कानाला भाषांतराचं यंत्र लावून बसलेले. त्यातून मराठी येईपर्यंत सभागृह गप्प झालेलं असतं, आणि मग अण्णांचं एकट्याचं खणखणीत "व्हय!" येतं. एकदा तर 'विरोधात कोण' असं विचारल्यावरही डुलकीतून उठून व्हयच म्हणाले. मी त्यांचा शेजारी, वर दोनदा त्यांना मत देऊन बसलेला. सांगू कुणाला?

विधेयक कशाचं होतं, असं विचारायची सोय नाही. "विषय हार्ड हाय पावणं," एवढंच उत्तर. तीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय, पण अडचणीचा प्रश्न विचारला की मी लगेच पावणा होतो.

भाषण एकदाच झालं, सागरी सुरक्षेवर. तीन मिनिटं मिळाली, त्यातलं दीड मिनिट आभार मानण्यात गेलं. मग म्हणाले, "समुद्र आमास्नी लांब न्हाय. गगनबावड्याचा घाट उतरला की आलाच की! पर घाटात खड्डं हायत. शत्रू आला तर तितंच अडकंल!" खड्डे बुजवा म्हणतायत की राखून ठेवा, हे कळायच्या आत माइक बंद. इकडं चौकाचौकात फ्लेक्स लागले, 'दिल्ली हादरली'. दिल्लीचं माहीत नाही, आम्ही मात्र हादरलो.

गेल्या अधिवेशनात पक्षाच्या नेत्यांनी त्यांना बोलावून झापलं. व्हयच्या क्लिपा फिरतायत, लोक हसतायत. पुढं तिकीट पाहिजे असेल तर सगळ्यांबरोबर 'हाँ' म्हणायचं. तिकिटासाठी अण्णा कुणाच्याही पाया पडतील. कबूल झाले.

त्या दुपारी मी त्यांच्या घरी होतो. शुगरनं वहिनींची नजर गेलीय. संसद चालू असली की त्या टीव्हीला कान लावून बसतात. 'हाँ'चा गलका उठला आणि विरला. वहिनी तशाच थांबून राहिल्या.

"ह्यांचा आवाज आला न्हाय."

"गलक्यात मिसळला असंल, वहिनी."

"न्हाय. रोज कळतंय मला. आवाज बसला की समजायचं, गार पाणी प्यालेत. बारीक आला की जेवल्यालं न्हाईत." ताट समोर होतं, त्यांनी हात लावला नाही.

मी अण्णांना फोन करून सगळं सांगितलं. ताटाचं तेवढं त्यांनी दोनदा विचारलं. मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी असं व्हय आलं की अध्यक्षही दचकले. वहिनी पोटभर जेवल्या.

परवा तिकिटांची यादी आली. अण्णांचं नाव नव्हतं. खरं सांगतो, मी त्यांना डिवचायलाच गेलो होतो. अण्णा सोप्यात बसून वहिनींची वेणी घालत होते. वाकडीतिकडी, पण मन लावून. माझा डिवचायचा जोर गेला.

"तिकीट गेलं की हो, अण्णा."

"गेलं तर गेलं, पावणं," पेड सोडून ते पुन्हा घालत म्हणाले, "इतकी वर्सं हिला दिल्लीसनं हाक मारत हुतो. आता हितनंच मारतो की."