नॉर्वेच्या जॅझची सम

बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या मराठी माणसाचा कान येत्या रविवारी संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळात सुधारायचा, असं पद्मनाभ दाबके यांनी ठरवून टाकलं होतं. वेळ उरलाच तर प्रश्नोत्तरं!

पद्मनाभ मूळचे पुण्याचे, नोकरीला इलेक्ट्रॉनिक सिटीत. रोज जाऊन-येऊन चार तास प्रवास, आणि ते चार तास कानात प्रायोगिक जॅझ. घरी अशा एकशे चाळीस रेकॉर्ड्स होत्या. एकीत एक गृहस्थ पियानोच्या आत शिरून तारा खाजवतो. दुसरीत सात जण एकाच वेळी सात निरनिराळी गाणी वाजवतात आणि आठवा त्यांच्यावर ओरडतो. या सगळ्यांवर पद्मनाभांनी ‘माझं धाडसी श्रवण’ असं अकरा पानी चिंतन लिहिलं होतं. रंगीत तालीम बायकोसमोर झाली.

“कसं वाटलं?”

“अहो, ते तुमचं वाजत होतं होय?” स्मिता म्हणाली. “मला वाटलं, वरचे लोक कपाट सरकवतायत. मी वर जाऊन भांडून आले!”

पद्मनाभ डगमगले नाहीत. धाडसी श्रोत्याला घरचे लोक लाभत नाहीत, हे त्यांच्या चिंतनात पान चारवर होतंच.

मराठी मंडळाचे अध्यक्ष विठोजी अण्णा. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी बंगळूरकडे आलं आणि इथलंच झालं. भजनात पखवाज वाजवून अण्णांची चाळीस वर्षं गेली होती. त्यांनी अट घातली.

“सरी, चालेल, लावा तुमची रेकॉर्ड. ती संपेस्तोवर निम्मे लोक खुर्चीत दिसले तर दर महिन्याचा तिसरा रविवार तुमचा. नाही दिसले, तर कोशिंबीर स्पर्धा!”

“एकही उठणार नाही, अण्णा!”

रविवारी चोवीस जण आले. पद्मनाभांनी मुद्दाम सर्वांत कडक अल्बम काढला होता. नॉर्वेचे तिघं. एक सॅक्सोफोनवाला, एक डबल बासवाला, आणि तिसरा रिकाम्या पिंपात फुंकर मारणारा.

“या संगीतात ताल नाही!” पद्मनाभांनी छाती फुगवून सांगितलं. “ताल हा पिंजरा आहे. या लोकांनी तो मोडला!” आणि त्यांनी सुई टेकवली.

पहिलं मिनिट काहीच वाजलं नाही. मग बास घरघरला. मग सॅक्सोफोन असा किंचाळला, जसं काही बदकाला इंजेक्शन दिलं! चौथ्या मिनिटाला दोघं “गाडी नीट लागलीय का बघतो” म्हणून गेले. त्यांची गाडी बघायला आणखी पाच जण गेले. दहाव्या मिनिटापर्यंत आणखी चौघं घरी सटकले, खुर्च्यांत तेरा डोकी उरली. आणखी दोघं उठले की कोशिंबीर! पद्मनाभांना काकडी चिरल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

तेवढ्यात विठोजी अण्णांचा तळवा मांडीवर आपटला. चुकला. पुन्हा आपटला. पुन्हा चुकला. अण्णांचा चेहरा लाल झाला.

“थांबवा! पहिल्यापासून लावा!”

“का, अण्णा?”

“सम कुठाय ते बघतो. ताल नाही म्हणे! ताल नाही असं असतंय होय? तुम्हाला सापडला नसंल!”

दुसऱ्यांदा रेकॉर्ड सुरू झाली. आता तेरा माणसं मांडीवर हात ठेवून, दबा धरून बसली. अण्णांच्या थोरल्या भगिनी अंबुबाई अक्का बोटांची पेरं मोजत होत्या.

“सतरा मात्रा आहेत रे विठू!”

“अक्का, चौदा!”

“चौदा कशा? पिंपवाल्यानं फुंकलं तिथं धर की!”

“तो दम लागून फुंकतोय, तालात नाही!”

आरडाओरडा ऐकून गाडीवाले परत आले आणि मोजायला बसले. पद्मनाभांच्या ऑफिसातला शंतनु लॅपटॉप उघडून म्हणाला, “अण्णा, मी एक्सेलमध्ये टाकलंय. पॅटर्न दर अकरा सेकंदांनी रिपीट होतोय, ऑल्मोस्ट!”

“ऑल्मोस्ट म्हणजे?”

“म्हणजे होत नाहीये.”

“अहो, सांगा ना त्यांना ताल नाही म्हणून!” स्मिता पुटपुटली.

“सांगितलं तर उठतील!”

“काय हो दाबके,” अण्णा गरजले, “आहे की नाही ताल?”

पद्मनाभांनी खुर्च्या मोजल्या. वीस भरलेल्या होत्या. “असू शकतो,” ते म्हणाले. पिंजऱ्याचं दार त्यांनी स्वतःच्या हातानं लावून घेतलं.

तिसऱ्यांदा रेकॉर्ड लागली. आता कुणी श्वास घेत नव्हतं. बदक किंचाळलं, पिंप हुंकारलं, बास घरघरला, आणि शेवटी तिघंही थकून गप्प झाले. बाजू संपली. आणि त्या शांततेत आवाज आला:

टक्.

अण्णांचा हात पडला. बरोब्बर!

टक्. पुन्हा पडला. टक्. पुन्हा!

“आली! आली की हो सम!” अण्णा उभे राहिले. वीस हात एकदम मांड्यांवर पडू लागले. “वाहवा! आता कसं! काय स्थिर लय धरलीय पठ्ठ्यानं!”

पद्मनाभ मशीनकडे धावले. बाजू संपल्यावर सुई शेवटच्या गोल खाचेत अडकून फिरते, आणि दर फेरीला टक् करते. वाजवणारं तिथे कुणी नव्हतंच! त्यांनी सुई उचलायला हात पुढे केला.

“हात लावाल तर बघा!” अण्णा ओरडले. “एवढ्या वेळानं हाताला लागलीय!”

मैफल आणखी पंचवीस मिनिटं रंगली. अंबुबाई अक्कांनी त्यावर एक अभंगही म्हणून पाहिला. छान बसला! अखेर अण्णांनी जाहीर केलं, “तिसरा रविवार दाबक्यांचा! फक्त सुरुवातीचा तो गोंधळ नको. थेट हेच लावा!”

अंबुबाई अक्का डोळे पुसत पुढे आल्या. “काय वाजवलंय हो! तेच का हे नॉर्वेवाले?”

पद्मनाभांनी एकदा भरलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं, एकदा मशीनकडे.

“नाही अक्का,” ते म्हणाले, “हे जपानी.”

आणि यात खोटं काही नव्हतं. रेकॉर्ड प्लेअर जपानीच होता.